तू कारण सांगितलंस, त्यांनी कबुलीजबाब लिहून घेतला

ताई, सप्रेम नमस्कार.

मी ३४ वर्षांची, नाशिकला असते. एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघते. गेल्या वर्षी मला ऑटिझम आणि एडीएचडी (लक्ष टिकवणं अवघड जाणं) दोन्ही असल्याचं निदान झालं. खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं लोक विचारायचे, तू अशी का वागतेस? आता माझ्याकडे उत्तर होतं, म्हणून ते मी सगळ्यांना दिलं. नवऱ्याला रिपोर्ट वाचायला दिला. जाऊबाईंना दुपारभर बसून समजावलं. ऑफिसात मॅडमना म्हटलं, तोंडी सूचना माझ्या डोक्यात टिकत नाहीत, लिहून दिल्यात तर चूक होणार नाही.

आता बघा काय झालंय. अप्रेझलमध्ये मॅडमनी लिहिलं, 'सूचना लक्षात राहत नाहीत हे कर्मचाऱ्याने स्वतः मान्य केले आहे.' जाऊबाईंना मी सांगितलं होतं, की बोलणाऱ्याचा सूर मला कधीकधी उशिरा कळतो. आता मी घरात कशावरही मत दिलं की त्या म्हणतात, 'तुला कुठे माणसं कळतात? तूच सांगितलंस ना.' परवा त्या मला सगळ्यांसमोर टाकून बोलल्या. मी तसं म्हटलं, तर उत्तर आलं, 'तुला सूर कळत नाही.' विषय संपला. नवऱ्याशी वाद झाला की माझं म्हणणं खरं असो-नसो, शेवट माझ्या निदानावरच होतो. महिन्यापूर्वी तो रागाने म्हणाला, 'डॉक्टरचा कागद आहे माझ्याकडे, लक्षात ठेव.' नंतर माफी मागितली त्याने. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आई म्हणते, झाकली मूठ सव्वा लाखाची, कशाला उघडलीस?

मी आणखी नीट समजावलं तर त्यांना कळेल का? पुढच्या महिन्यात नणंदेचं लग्न आहे, तीन दिवसांचं, हळदीला डीजे. मी घरच्या ग्रुपसाठी एक मेसेज लिहून ठेवलाय, सोबत जोडते. पाठवू का? मला अगंतुगं केलंत तरी चालेल.

– स.

प्रिय स.,

मेसेज पाठवू नकोस. आधी एवढं सांगते, म्हणजे उरलेलं तू शांतपणे वाचशील.

तुझं मूळ पत्र अकरा पानी आहे. वर छापलाय तो त्यातला लहानसा भाग, तुझी ओळख पटेल असं सगळं गाळून. 'मी सबब सांगत नाहीये' हे वाक्य त्या अकरा पानांत नऊ वेळा आलंय. मी मोजलं, कारण तिसऱ्यांदा वाचताना माझ्या पोटात कालवलं. जिने तुला कधी दोष दिला नाही, जी तुला ओळखतही नाही, अशा माझ्यासमोरही तू आरोपीसारखी उभी आहेस.

आपल्या भाषेत 'कारण' या शब्दाची गंमत नव्हे, अडचण आहे. 'यामागे कारण आहे' असं म्हटलं तर लोक कान देतात. 'कारणं सांगू नकोस' म्हटलं की तोच शब्द सबब होतो. लहानपणापासून आपल्यापैकी प्रत्येकाने हे दुसरं वाक्य ऐकलंय, आणि ज्यांचा मेंदू वेगळ्या पद्धतीने चालतो त्यांनी तर रोज ऐकलंय. वही विसरली, सांगितलेलं अर्धंच केलं, पाहुण्यांसमोर कानांवर हात ठेवले, की 'कारणं सांगू नकोस'. तुझ्या-माझ्यासारख्यांना मात्र वाटत राहतं, की आपलं कारण खरं आहे, म्हणजे ते पुरेसं नेमकं सांगितलं की समोरच्याला पटेलच. हिशोबात फरक आला की व्हाउचर दाखवतेस, तसं. फरक दिसतो, व्हाउचर दिसतं, विषय मिटतो. घरात आणि ऑफिसात असं होत नाही, कारण तिथे पुष्कळदा कोणी फरक शोधतच नसतं.

तू विचारलंस, आणखी नीट समजावलं तर कळेल का. माझं उत्तर नाही असं आहे, आणि ते निराशेतून देत नाहीये. तुझं समजावणं आधीच नीट होतं. मॅडमना तू म्हणालीस ते वाक्य मी दोनदा वाचलं. त्यात अडचण काय आणि उपाय काय, दोन्ही एकाच दमात आहे. मॅडमनी त्यातला पहिला अर्धा ठेवला आणि दुसरा टाकून दिला. हे न कळल्याचं लक्षण नाही. कळल्याशिवाय इतक्या बरोबर जागी कापता येत नाही.

जाऊबाईंचंही तेच. 'सूर कधीकधी उशिरा कळतो' यातला 'कधीकधी' गेला, 'उशिरा' गेला, आणि उरलं 'सूर कळत नाही'. त्याचा सोयीस्कर अर्थ असा, की घरात कोण कुणाशी कसं बोललं हे ठरवायचा अधिकार यापुढे तुला नाही. तू स्वतःविषयी माहिती दिलीस आणि त्या बदल्यात तुझी साक्ष काढून घेतली गेली. ब्रिटिश तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांनी २००७ मध्ये या प्रकाराला नाव दिलं. माणूस कोण आहे एवढ्यावरून त्याच्या शब्दाचं वजन कमी धरणं हा त्याच्यावर केलेला अन्याय आहे, ज्ञानाच्या व्यवहारातला अन्याय, असं त्यांनी मांडलं. मला ते वाचून फार बरं वाटलं होतं, कारण तोवर मी त्याला माझा हळवेपणा समजत होते.

मी शाळेत शिकवत होते. एडीएचडी असल्याचं मला ४६ व्या वर्षी कळलं, आणि मीही तुझ्यासारखीच उत्साहाने स्टाफरूममध्ये सांगून मोकळी झाले. दोन महिन्यांनी परीक्षेचं एक रजिस्टर सापडेना. कोणी काही बोललं नाही, सगळ्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. मीही घरी जाऊन कपाटं उपसली. रजिस्टर चार दिवसांनी दुसऱ्या एका बाईंच्या कपाटात सापडलं. त्याविषयी पुढे कोणी एक अक्षर काढलं नाही. रजिस्टर हरवल्याचं दुःख केव्हाच गेलं. आपणच आपल्याकडे संशयाने पाहिलं, ते मात्र अजून आठवतं.

आता 'तुला माणसं कळत नाहीत' या वाक्याविषयी. ते जाऊबाईंनी शोधलेलं नाही, त्याला जुना इतिहास आहे. १९८५ मध्ये लंडनच्या तीन संशोधकांनी, सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी, बाहुल्यांचा एक प्रयोग केला. एका बाहुलीने टोपलीत गोटी ठेवली, ती बाहेर गेली, दुसरीने गोटी हलवली. पहिली परत आल्यावर गोटी कुठे शोधेल? ऑटिझम असलेल्या २० मुलांपैकी १६ जणांनी चुकीची जागा दाखवली, म्हणजे टोपलीऐवजी गोटी हलवलेली जागा. वीस मुलं, दोन बाहुल्या आणि एक प्रश्न. तिथून पसरत पसरत, ऑटिझम असलेल्यांना दुसऱ्याच्या मनातलं कळतच नाही, असं सरसकट विधान तयार झालं आणि ते तुझ्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचलं.

त्यानंतर बरंच पाणी वाहून गेलंय, तेवढं मात्र पोहोचलेलं नाही. स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये साधा प्रश्न केला: तुम्हाला आमचं कळतं का? दोन वेगळ्या घडणीची माणसं एकमेकांना समजून घेताना अडखळतात, तेव्हा अडखळणं दोन्हीकडे असतं. मग दोष एकाच्याच नावावर का? २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात हे तपासलं गेलं. आठ-आठ जणांच्या साखळ्या केल्या आणि एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला अशी एक गोष्ट पुढे सांगत जायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट जितकी टिकली, तितकीच ती सगळे बिगर-ऑटिस्टिक असलेल्या साखळीत टिकली. गळती जास्त झाली ती मिश्र साखळीत. तुझ्या जावेला तुझा सूर कळतो का, हे घरात कोणी विचारलंय?

आणखी एक अभ्यास सांगते, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. अमेरिकेतले नोआ सॅसन आणि त्यांचे सहकारी यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की अनोळखी माणसं ऑटिस्टिक व्यक्तीला काही सेकंद पाहून-ऐकूनच नापसंतीकडे झुकतात. पण तीच व्यक्ती काय बोलली हे नुसतं कागदावर लिहून दिलं, चेहरा आणि आवाज काढून टाकला, तर ती नापसंती उरत नाही. म्हणजे खोट शब्दांत नव्हती. आणि तू गेलं वर्षभर शब्दच घासत बसली आहेस. जोडलेला मेसेज चौथा खर्डा आहे म्हणतेस. त्यात तू 'त्रास' खोडून 'अडचण' केलंस, 'अडचण' खोडून 'वेगळेपण' केलंस. पुरे कर आता हे.

मग काय करायचं? कारण सांगणं आणि गरज सांगणं या दोन गोष्टी तू वेगळ्या कर. गरज सांगायला कारण लागतंच असं नाही. 'मी दहा मिनिटं गच्चीत जाऊन येते' हे पूर्ण वाक्य आहे. त्यापुढे 'कारण माझ्या मेंदूला आवाज गाळता येत नाहीत' हे जोडलंस, की ऐकणाऱ्याच्या हाती तुझ्या मेंदूविषयीचं एक विधान येतं, आणि ते त्याला हवं तेव्हा, हवं तिथे वापरता येतं. मला माहीत आहे, कारणाशिवाय मागणं तुला उद्धटपणाचं वाटेल. तोंडावर आलेलं 'कारण' परत गिळताना सुरुवातीला घसा आवळल्यासारखं होईल. पण आजूबाजूला बघ. 'मला मसालेदार नको' म्हणणारा माणूस आपल्या जठराचा रिपोर्ट वाचून दाखवत नाही. तुझ्या सासूबाई 'मी खाली बसत नाही हं' म्हणाल्या की लोक खुर्ची आणतात, गुडघ्याचा एक्स-रे मागत नाहीत.

आईची म्हण मला म्हणूनच अर्धीच पटते. मूठ झाकावी लागते तेव्हा आत काहीतरी लाजिरवाणं आहे असं गृहीत धरलेलं असतं. तुझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही. ज्या माणसाने सांगितलेलं नीट वापरलं त्याला आणखी सांग, आणि ज्याने शस्त्र केलं त्याला यापुढे आतलं काही देऊ नकोस. हा हिशोब माणसागणिक वेगळा ठेवायचा.

आता तिघांचं वेगवेगळं बघू. जाऊबाईंचं लवकर संपवते. तुझ्या अकरा पानांत एकही प्रसंग असा नाही, की तू सांगितल्यामुळे त्यांनी तुझ्यासाठी काही बदललं. ना टीव्हीचा आवाज कमी केला, ना पाहुणे येणार असल्याचं आधी कळवलं. तू दिलेली माहिती फक्त भांडणात बाहेर येते. तिथे यापुढे काही सांगायचं नाही. 'तुला कुठे माणसं कळतात' असं त्या म्हणाल्या, तर तू विषयाला धरून राहा: 'वहिनी, तुम्ही मला सगळ्यांसमोर कामचुकार म्हणालात. मला ते आवडलं नाही.' शब्द काय होते तेवढं सांग, सुराकडे जाऊच नकोस. सुरावर वाद होऊ शकतो, शब्द दहा जणांनी ऐकलेले असतात. आणि मग गप्प राहा. शब्दाने शब्द वाढतो, आणि वाढलेला प्रत्येक शब्द तुझ्याच खात्यात जमा होतो.

ऑफिसचं जरा सविस्तर. मॅडमचं ते वाक्य तसंच फाइलमध्ये राहू देऊ नकोस. एचआरला ईमेल कर, चिडून नाही, तुझ्या नेहमीच्या हिशोबी भाषेत: 'मी मर्यादा मान्य केली नव्हती, कामाची एक पद्धत मागितली होती. लेखी सूचना मिळालेल्या कामांचा तपशील सोबत जोडत आहे.' सहाव्या पानावर तू सहज लिहून गेलीस, की वर्षभरात जीएसटीचं एकही रिटर्न उशिरा गेलं नाही आणि चुका झाल्या त्या सगळ्या जाता-येता सांगितलेल्या कामांत. अगं, हे तू सहाव्या पानावर लिहितेस? हे ईमेलच्या पहिल्या ओळीत हवं. आणि आजपासून कोणतीही तोंडी सूचना मिळाली की पाच मिनिटांत उलट ईमेल: 'आत्ता ठरलं ते असं. काही राहिलं असल्यास कळवा.' यात निदानाचा उल्लेखही नाही, आणि तुला हवं ते कागदावर आलेलं असतं.

कायदाही माहीत असू दे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या यादीत २१ प्रकार आहेत. त्यात ऑटिझम आहे, एडीएचडीचं नाव स्वतंत्रपणे नाही, म्हणून अर्ज करताना ऑटिझमचं निदान पुढे ठेव. वाजवी सोय, म्हणजे लेखी सूचनांसारखा रास्त बदल, नाकारणं हासुद्धा भेदभावच, असं या कायद्याच्या व्याख्येतच म्हटलंय. समान संधी धोरण खासगी आस्थापनांनाही बंधनकारक आहे, आणि वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्या धोरणात दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या सोयींबाबत आणि त्यासाठी नेमलेल्या संपर्क अधिकाऱ्याबाबत लिहिलेलं असावं लागतं. तुमच्याकडे ते धोरण आहे का, एवढंच आधी विचार. पुष्कळदा नुसत्या या प्रश्नाने बोलणाऱ्यांची भाषा बदलते. दाद लागली नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, त्यांचं कार्यालय पुण्यात आहे.

यात दोन गोष्टी जपून. खासगी डॉक्टरांचा रिपोर्ट आणि सरकारी दिव्यांगत्व प्रमाणपत्र एक नव्हे. प्रमाणपत्रासाठी युडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या, सरकारी पोर्टलवर अर्ज करून सरकारी तपासणीला जावं लागतं, आणि मोठ्या वयाच्या व्यक्तीला त्यात बऱ्याच खेपा घालाव्या लागतात. प्रमाणपत्र घ्यायचंच, असं मी म्हणणार नाही, तो निर्णय तुझा. दुसरं म्हणजे किमान ४० टक्के दिव्यांगत्वाच्या अटीचा बागुलबुवा. आरक्षणासारख्या लाभांना ती अट आहे. पण वाजवी सोयीसाठी ती अट लावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितलं. हाताला लेखनाचा विकार असलेल्या एका उमेदवाराला लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक हवा होता, त्याचं ते प्रकरण. त्याच वर्षीच्या डिसेंबरमधला आणखी एक निकाल तुझ्या प्रश्नाच्या अगदी जवळचा आहे. केंद्रीय राखीव पोलिस दलातल्या, मानसिक आजार असलेल्या एका अधिकाऱ्यावर वर्तनाबद्दल खातेनिहाय कारवाई सुरू होती. ज्या वर्तनामागे दिव्यांगत्व हा एक घटक आहे, त्यावर शिस्तभंगाची कारवाई करणं हा अप्रत्यक्ष भेदभाव, असं न्यायालयाने म्हटलं. ती नोकरी सरकारी होती, तुझी खासगी आहे, आणि त्या माणसाला बरीच वर्षं झगडावं लागलं, हे मी लपवणार नाही. तरी ज्या गोष्टीला तू 'माझंच काहीतरी चुकलं' म्हणतेस, तिला देशाच्या सर्वोच्च न्यायालयात भेदभाव म्हटलं गेलंय. अप्रेझलमधलं ते वाक्य वाचून रात्री झोप लागणार नाही तेव्हा हे आठव.

आता नवरा. इथे मला थांबून थांबून लिहावं लागतंय, कारण तुझ्या पत्रात तो दोन ठिकाणी दोन वेगळे पुरुष वाटतो. चौथ्या पानावर तू लिहिलंस, की तू मिक्सरच्या आवाजाविषयी सांगितल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याने मिक्सर उचलून मागच्या गॅलरीत नेला आणि तिथे त्यासाठी नवा प्लग पॉइंट बसवून घेतला. तू हे एका ओळीत उरकलंस. मी त्या ओळीवर रेंगाळले. ज्याला ऐकायचंच नसतं तो इलेक्ट्रिशियन बोलावत नाही.

आणि सातव्या पानावर मी थोडी त्याच्या बाजूने आहे, हे तुला सांगायलाच हवं. सासऱ्यांच्या मोतीबिंदूच्या तपासणीची तारीख तू विसरलीस. तो ऑफिसातून धावत गेला, रात्री दहाला घरी आला, आणि तू त्याला वीस मिनिटं, वर्किंग मेमरी (काम करताना गोष्टी तेवढ्यापुरत्या डोक्यात धरून ठेवणं) म्हणजे काय, हे समजावलंस. प्रत्येक शब्द खरा होता. पण त्या वेळी त्याला 'तुझी आज फार दगदग झाली, माझं चुकलं' एवढं हवं होतं, आणि ते तुझ्या वीस मिनिटांत कुठे आलंच नाही. मला माहीत आहे, ते तुझ्या मनात होतं. तुला वाटलं, कारण कळलं की तू मुद्दाम केलं नाहीस हे त्याला कळेल, आणि त्यातच सगळं आलं. त्याला ते ऐकू आलं नाही. ज्याला लागलंय त्याच्यासमोर आधी त्याच्या लागण्याविषयी बोलायचं. कारण दुसऱ्या दिवशी, चहाच्या वेळी, आणि तेही पुढे काय करायचं याच्यासकट: तारखा आता दोघांच्या फोनमध्ये टाकायच्या का? हे तू करू शकतेस, आणि हे केल्याने तू दोषी ठरत नाहीस.

पण 'डॉक्टरचा कागद आहे माझ्याकडे' हे वाक्य वेगळं आहे. दगदग, राग, थकवा, कशाच्याही पोटात ते घालता येत नाही. तू मला शब्दांत लिहिलं नाहीस, पण तुला कसली भीती वाटली ते मला कळलं. त्या भीतीचं उत्तर आधी घे. हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकार हे घटस्फोटाचं एक कारण आहे, खरं. पण नुसता विकार असणं पुरत नाही. त्याचं स्वरूप आणि तीव्रता अशी हवी, की जोडीदाराने एकत्र राहावं अशी वाजवी अपेक्षाच करता येऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगितलंय, की आजाराचं नुसतं नाव दाखवून भागत नाही, तीव्रता सिद्ध करावी लागते. त्या निकालातला आजार स्किझोफ्रेनिया होता. नोकरी करणाऱ्या, जीएसटीची रिटर्न वेळेवर भरणाऱ्या बाईचा एक रिपोर्ट ड्रॉवरमधून काढून कोणी तिचा संसार मोडू शकत नाही. आणि वारंवार अपमान, टोमणे, अशी धमकी याला घरगुती हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा शाब्दिक आणि भावनिक छळ म्हणतो. हे तुझ्या घरी झालंय असं मी म्हणत नाही. एकदा झालं, त्याने माफी मागितली. पुन्हा झालं, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. तिथे बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.

माफी मागितल्यावर तू काय केलंस, तेही तू लिहिलंयस. तू त्याला पुन्हा समजावलंस, की ते वाक्य तुला का लागलं. पुन्हा कारण! या वेळी कारण देऊ नकोस. शांत दिवस बघ, दोघंच असताना सांग: 'माझं निदान भांडणात आणायचं नाही. आणलंस तर मी तिथेच बोलणं थांबवून उठून जाईन, आणि आपण दुसऱ्या दिवशी मूळ विषयावर बोलू.' आणि झालंच तसं, तर खरंच ऊठ. एकदाच उठून जाशील, पण ते त्याला वीस मिनिटांच्या बोलण्यापेक्षा नीट कळेल. रिपोर्टची मूळ प्रत त्याच्याकडे असेल तर ती मागून घे, तुझ्या कागदांत ठेव. त्यासाठीही सबब नको, 'माझी फाइल मला हवीय' म्हण.

मोकळेपणाने सांगायची जी ओढ तुझ्यात आहे ती मारू नकोस. ती कुठेतरी पोहोचली पाहिजे. पत्रात तू संभाजीनगरच्या मावसबहिणीचा उल्लेख केलायस, जी तुझे अर्ध्या-अर्ध्या तासाचे व्हॉइस मेसेज पूर्ण ऐकते आणि नंतर दोन प्रश्न विचारते. तिला सांग. निदान झालेली मोठी माणसं आता आपल्याकडेही एकमेकांना शोधू लागली आहेत, त्यांच्यात जा. तिथे तू 'सबब सांगत नाहीये' म्हणालीस तर लोक विचारतील, असं कोण म्हणालं?

राहिलं लग्न. ग्रुपवर काही टाकू नकोस. ग्रुपवर टाकलेलं उद्या कुणीतरी कुणालातरी पाठवतं. सासूबाईंना फोन कर आणि एवढंच म्हण: 'आई, हळदीच्या दिवशी सकाळपासून पाहुण्यांची यादी आणि आहेराचा हिशोब माझ्याकडे. डीजे सुरू झाला की मी घरी जाईन, आणि लग्नाच्या दिवशी सकाळी सातला कार्यालयावर असेन.' त्यांनी 'का गं?' विचारलं तर, 'मला तो आवाज सोसत नाही.' एकदाच. पुन्हा विचारलं तर, 'सातला येते, आई.' तुझा चौथा खर्डा फाडू नकोस, बहिणीला वाचून दाखव, त्यात आवाजाविषयी तू जे लिहिलंयस ते सुंदर आहे. आणि कानांत घालायच्या बोळ्यांच्या दोन जोड्या घे. एक तुझ्या पर्समध्ये, दुसरी नवऱ्याच्या खिशात. देताना काही समजावू नकोस. मिक्सर उचलून नेणाऱ्या माणसाला ती कशासाठी दिलीस, ते कळेल.

तुझी,
ताई